डॉग कॅन्यनचा सुतार : फ्रांस्वा-जाँ रोशा

गडगा

सांता फेच्या लोरेट्टो चॅपलमधल्या लाकडी जिन्याचा फॉरवर्ड एव्हाना सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला असेल. मधे खांब नाही, एकही खिळा नाही, ३३ पायऱ्या. नन्सनी नऊ दिवस संत जोसेफची प्रार्थना केली, शेवटच्या दिवशी गाढवावर हत्यारांची पेटी लादून एक अनोळखी माणूस आला, जिना बांधला आणि पैसे न घेताच गायब झाला. खाली हात जोडलेले इमोजी. काही जण हा मेसेज श्रद्धेने पाठवतात, काही टिंगल म्हणून. त्या सुताराची मात्र दोघांनाही पडलेली नसते. हा धागा त्याच्यासाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी. न्यू मेक्सिको तेव्हा नुकताच अमेरिकेच्या ताब्यात आला होता. तिथले बिशप जाँ-बाप्तिस्त लामी मूळचे फ्रान्सचे. त्यांच्या बोलावण्यावरून १८५२ मध्ये लोरेट्टोच्या सिस्टर्स सांता फेला आल्या आणि त्यांनी मुलींची शाळा काढली. शाळेसाठीच्या चॅपलचं काम १८७३ ला सुरू होऊन १८७८ ला संपलं. आराखडा आंत्वान मूली आणि त्यांचा मुलगा प्रोजेक्तुस यांचा, नमुना पॅरिसच्या सँत-शापेल या जुन्या चॅपलचा. मातीच्या विटांच्या बसक्या घरांच्या गावात ही टोकदार गॉथिक इमारत उभी राहिली. गाणाऱ्या मुलींसाठी मागच्या बाजूला उंच सज्जा केला होता, पण वर जायला जिनाच नव्हता. जागा इतकी कमी की सरळ जिना घातला तर बसायची बाकं गेली असती. दंतकथा इथून सुरू होते.

आता सुतार. मेरी जीन स्ट्रॉ कुक या इतिहासकार बाई चॅपलच्या कागदपत्रांच्या मागे बरीच वर्षं होत्या. त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे सिस्टर्सच्या रोजच्या हिशेबवहीतली मार्च १८८१ ची नोंद : लाकडाबद्दल मिस्टर रोशा यांना १५० डॉलर. दुसरी म्हणजे सांता फेच्याच वर्तमानपत्रातली ५ जानेवारी १८९५ ची मृत्यूची बातमी. रोशा हा फ्रेंच माणूस लाकडाच्या कामातला जाणकार म्हणून गावात नावाजलेला होता, आणि लोरेट्टो चॅपलमधला देखणा जिना त्यानेच बांधला, असं त्या बातमीत सरळ लिहिलं आहे. सेंट व्हिन्सेंटच्या आरोग्यभवनातलं कामही त्याच्याच नावावर दिलं आहे. तेव्हा सांता फेत यात काही गूढ नव्हतं. गूढ पुढे झालं.

पण मला तो भावला ते जिन्यानंतरच्या आयुष्यामुळे. जिन्यावर नाव कमावलेला हा माणूस शहरात दुकान थाटून बसला नाही. १८८० च्या दशकात तो पार दक्षिणेला, सॅक्रामेंटो डोंगरांच्या पायथ्याशी डॉग कॅन्यन नावाच्या घळीच्या तोंडाशी जाऊन एकटा राहिला. दगडी खोपटं बांधलं, गडगे घातले, बारमाही झऱ्याचं पाणी पाटाने आणलं, फळझाडं आणि द्राक्षवेली लावल्या, गुरं पाळली. लोक त्याला 'फ्रेंची' म्हणत. १८९४ च्या डिसेंबरात तो त्याच खोपटात गोळी लागून मेलेला सापडला. चौकशीत आत्महत्या ठरवली गेली. फारसं कुणाला ते पटलं नाही.

जिन्याबद्दल इथे पूर्वी एक धागा येऊन गेलाय. या धाग्यावर कृपया माणसाबद्दल बोलू.

वाघोलीकर

धागा काढल्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी वसईचा, कॅथलिक. ही गोष्ट आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांकडून ऐकलेली. सुताराचं नाव त्यात कधीच नव्हतं, 'संत जोसेफ स्वतः आले' एवढंच.

१९ मार्चला संत जोसेफचा सण असतो, १ मेला कामगार जोसेफचा. दुसरा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये मुद्दाम कामगार दिनालाच ठेवला. आमच्या लहानपणी त्या दिवशी सुतार, गवंडी, इलेक्ट्रिशियन असे सगळे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पुढच्या बाकांवर. त्या दिवशी फादर प्रवचनात जोसेफच्या हातांबद्दल बोलायचे. बायबलमध्ये जोसेफचं एकही वाक्य नाही, हे तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

एक विचारतो. नन्सनी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली ती 'संत जोसेफ, तुम्ही या' म्हणून नव्हे, जिन्याची सोय व्हावी म्हणून. सुतार आला, जिना झाला. मग रोशाचं नाव घेतल्याने नोव्हेनाला कमीपणा कसा येतो? मला तरी येत नाही.

शंकासुर

कमीपणा नोव्हेनाला येत नसेल, फॉरवर्डला येतो ना!

'पैसे न घेता निघून गेला' हा गोष्टीचा कणा आहे. हिशेबवहीत १५० डॉलर लिहिलेले असतील तर कणाच मोडला. आणि ३३ पायऱ्या म्हणजे येशूचं वय वगैरे... कुठल्याही जिन्याच्या पायऱ्या मोजा, काहीतरी पवित्र आकडा निघतोच. आमच्या सोसायटीत दोन मजल्यांच्या मिळून ३६ आहेत, छत्तीस गुण जुळले म्हणायचं का?

बाकी गडगा, लेख उत्तम. हा माणूस ठाऊकच नव्हता.

रंधा

माझं काम लाकडाचं. पुण्यात छोटं वर्कशॉप आहे. गोल जिने करतो, पण मधे लोखंडी पाइप उभा करून त्याला पायऱ्या अडकवायच्या, हल्ली सगळे तेच करतात. त्यामुळे या जिन्याचे फोटो मी बराच काळ झूम करकरून बघत आलोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

'मधे खांब नाही' हे खरं. पण आतली कड नीट बघा. पायऱ्यांना दोन्हीकडून धरणाऱ्या ज्या पट्ट्या असतात त्यांना आम्ही स्ट्रिंगर म्हणतो. या जिन्याचा बाहेरचा स्ट्रिंगर मोठं वळण घेतो, आणि आतला अगदी लहान त्रिज्येत, पिळासारखा घट्ट वर चढतो. इतका घट्ट की जवळजवळ खांबाचंच काम तो करतो. शिवाय जिना वर सज्जाला आणि खाली जमिनीला टेकलाय, दोन टोकं पक्की. पूर्ण दोन फेरे आहेत, ७२० अंश. असा जिना उभा राहतो, फक्त चढताना थोडा लवतो, स्प्रिंगसारखा. लवणारच. त्यात काही चूक नाही.

खिळ्यांचं म्हणाल तर खिळा नाही म्हणून चमत्कार असेल तर आपले जुने वाडेही चमत्कारच. कुसू, खाच आणि लाकडी खुंटी यांवर तुळया वर्षानुवर्षं उभ्या आहेत. खिळा गंजतो, लाकूड हललं की सैल होतो. खुंटी लाकडाबरोबर फुगते आणि आकसते. चांगला सुतार जिथे जमेल तिथे खिळा टाळतोच.

खरी करामत स्ट्रिंगरमध्ये आहे. आतला स्ट्रिंगर सात तुकड्यांचा, बाहेरचा नऊ तुकड्यांचा, असं मोजमाप करणाऱ्यांनी नोंदवलंय. यातल्या एकाही तुकड्याला सरळ कड नाही. प्रत्येक तुकडा एकाच वेळी वळतोही आणि चढतोही. हे कसं करायचं? आधी जमिनीवर पूर्ण मापाचं चित्र काढायचं. वरून पाहिलं तर जिना म्हणजे दोन वर्तुळं, एकात एक. त्यांचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला एका पायरीची उंची द्यायची. त्यावरून तुकड्याचा फर्मा कापायचा. मग जाड ठोकळा घेऊन त्याच्या वरच्या तोंडाला एक फर्मा आणि खालच्या तोंडाला तोच फर्मा थोडा सरकवून आखायचा, आणि करवत दोन्ही रेषांवर एकदम राहील अशी तिरकी चालवायची. पुढे पटाशी, पोकळ-गोल रंधा, आणि सतत ओळंबा. एका तुकड्यात सूतभर चूक झाली तर नवव्या तुकड्यापर्यंत ती बोटभर होते. मशीन नाही, प्लायवूड नाही.

आणि शंकासुर, ३३ चं गणित देतो. चढ साधारण २० फूट म्हणजे २४० इंच. ३३ पायऱ्यांत भागा, पायरीला सव्वासात इंच. शाळेतल्या मुलींना चढायला बरोबर माप. ३२ केल्या असत्या तर साडेसात, ३४ केल्या तर सात. तिन्ही चालले असते. सुताराने जागा बघून ठरवलं असणार.

केतकी_पान

+१ रंधा. असे प्रतिसाद वाचायला इथे येते.

शंकासुर

दंडवत स्वीकारा. ३६ गुण मागे घेतो.

वाळवंटातली_वैजू

मी टेक्सासमध्ये असते, सांता फेला जाऊन आले आहे. चॅपल आता पूजेचं राहिलेलं नाही. शाळा १९६८ ला बंद झाली, नंतर मालमत्ता विकली गेली आणि चॅपलचं खासगी संग्रहालय झालं. तिकीट काढून आत जायचं, स्पीकरवर गोष्ट ऐकायची, फोटो काढायचे, दुकानातून बाहेर पडायचं. लग्नंही लागतात तिथे. जिन्यावर चढू देत नाहीत. अंगणातल्या एका झाडाला लोकांनी जपमाळा लटकवल्यात, वारा आला की खुळखुळतात.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. जिना झाला तेव्हा त्याला कठडाच नव्हता! नुसत्या पायऱ्या, बाजूला काही नाही, वीस फुटांचा चढ. मुली आणि सिस्टर्स उतरताना घाबरून बसत-रांगत यायच्या म्हणे. कठडा १८८७ मध्ये फिलिप हेश नावाच्या दुसऱ्या कारागिराने बसवला. आणि तोही सोपा नाही, पिळाच्या वळणावर वळण घेत वर गेलाय. पण त्या बिचाऱ्याचं नाव तर कुणाच्याच फॉरवर्डमध्ये नाही.

आणखी एक, मला दिसलं ते सांगते. बाहेरचा स्ट्रिंगर जवळच्या खांबाला लोखंडी पट्टीने धरलेला आहे. पट्टी लहानशी आहे, आणि स्पीकरवरची गोष्ट ऐकताना माना वर असल्याने लक्ष जात नाही.

रंधा

@वैजू, पट्टीबद्दल फार आभार. मला फोटोत तिथे काहीतरी दिसायचं, नक्की कळत नव्हतं. पट्टी लावली म्हणून कारागिरी कमी होत नाही, हेही सांगून ठेवतो. लवणाऱ्या जिन्याला एका जागी धरून ठेवणं हे शहाण्या माणसाचं काम आहे.

गडगा

उत्तरं देतो एकेक.

१५० डॉलर : वहीत 'लाकडाबद्दल' असं लिहिलंय, मजुरीबद्दल नाही. म्हणजे ज्याला मजुरी न घेतल्याची गोष्ट जपायची आहे त्याला अजून जागा आहे. :) पण एवढं नक्की की तो हवेत विरला नव्हता. चॅपल पुरं होऊन तीनेक वर्षांनी हिशेबात त्याचं नाव आहे आणि नंतरही तो त्याच प्रदेशात राहत होता.

लाकूड : स्प्रूस जातीचं आहे एवढं सगळे मानतात. नेमकी उपजात कोणती यावर वाद आहेत आणि 'जगात कुठेच नसलेलं लाकूड' हे पिल्लू त्यातूनच सुटलेलं. कुक यांचा अंदाज असा की लाकूड फ्रान्सहून आलं असावं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण याच चॅपलच्या रंगीत काचा पॅरिसला बनल्या, जहाजाने न्यू ऑर्लिन्सला आल्या, नदीतून बोटीने सेंट लुईसला आणि तिथून गाड्यांवर सांता फे ट्रेलने आल्या. सांता फेला रेल्वे पोहोचली १८८० मध्ये. काचा येऊ शकतात तर लाकडाला काय धाड भरली आहे?

कुक यांच्या मते रोशा फ्रान्सच्या कोंपान्यों या कारागीर मंडळींतला. ही मोठी जुनी परंपरा आहे. तरुण सुतार, लोहार, पाथरवट गावोगाव उस्तादांकडे राहून शिकत फिरतात, शेवटी एक अवघड नमुना करून दाखवतात आणि मग मंडळींत घेतले जातात. सुतारांचे हे नमुने म्हणजे बहुतेक वेळा पिळाचे, गुंतागुंतीचे छोटे जिनेच. २०१० मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. रंधा यांनी जे जमिनीवरच्या पूर्ण मापाच्या चित्राचं सांगितलं, ती फ्रेंच सुतारांची आखणीची विद्या तर स्वतंत्रपणे आदल्या वर्षीच, २००९ मध्ये यादीत आली आहे. असा माणूस सांता फेच्या वाळवंटात भेटला, यात नन्सना देवाचा हात दिसला असेल तर मी त्यांच्याशी भांडणार नाही.

रानभूल

गडगा, तुम्ही डॉग कॅन्यनवर एकच परिच्छेद लिहिलात याचा निषेध. मी नोकरीनिमित्त एल पासोला होतो तेव्हा तिथे बऱ्याचदा जायचो, म्हणून भर घालतो.

अलामोगोर्डो गावाच्या दक्षिणेला साधारण बारा मैलांवर ऑलिव्हर ली मेमोरियल स्टेट पार्क आहे. सॅक्रामेंटो डोंगराची पश्चिम बाजू तिथे एकदम कड्यासारखी उठते आणि खाली तुलारोसाचं सपाट, कोरडं खोरं. समोर पाहिलं की क्षितिजावर पांढरी रेघ दिसते, ती व्हाइट सँड्सची जिप्समची वाळू. या कोरड्या पसाऱ्यात घळीच्या तोंडातून बारमाही पाणी येतं. पाण्याकाठी कॉटनवूडची झाडं, ओल्या कपारींत नेचे. दहा पावलं बाजूला गेलं की निवडुंग, घायपातीच्या जातीची टोचरी झुडपं आणि ओकोतियोच्या काटेरी काठ्या. ही हद्द इतकी ठळक आहे की एक पाय सावलीत आणि एक पाय भट्टीत ठेवून उभं राहता येतं.

रोशाचं खोपटं या पाण्याजवळच. भिंती खालून काही फूट उभ्या आहेत. त्याचे दगडी गडगे मात्र उतारावर अजून दिसतात, चुना-सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या कोकणात असे गडगे सगळीकडे, म्हणून मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं. मोठे दगड तळाला, चपटे आडवे, सांधे एकावर एक येऊ दिलेले नाहीत, फटींत चिपा ठोकलेल्या. सुतार होता, पण दगडातही डोळा तोच. गडगा उतारावर सरळ रेषेत चढवलाय, आणि ज्याने उतारावर गडगा रचलाय त्याला हे किती कष्टाचं आहे ते वेगळं सांगायला नको. एकट्याने!

ट्रेकबद्दल : डॉग कॅन्यन ट्रेल एका बाजूने साडेपाच मैल आणि चढ तीन हजार फुटांच्या वर. सुरुवातीलाच घसाऱ्याचा उभा टप्पा, मग पदरातली सपाटी, मग आडवी वाट, वर पुन्हा उभं. वरच्या बाजूला 'आयब्राव' नावाची अरुंद कड्यालगतची जागा आहे. मेस्कालेरो अपाचे या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांची ही जुनी वाट. सैन्य मागे लागलं की ते या घळीतून वर जायचे आणि अरुंद जागी शिपाई आले की वरून धोंडे लोटायचे. १८८० मध्येही इथे तशी चकमक झालीये. म्हणजे बघा, रोशा आला तो या लढाया संपून जेमतेम काही वर्षं झाली तेव्हा. शेजारी नाही, गाव नाही. अशा जागी घर करायला माणूस रानवेडाच लागतो. वर चढून मागे वळून पाहिलं की त्याने ही जागा का निवडली ते न सांगता कळतं.

केतकी_पान

वाह! फोटो असतील तर टाका की.

रानभूल

जुन्या फोनमध्ये अडकलेत. काढतो आणि टाकतो.

शंकासुर

थांबा. पार्कचं नाव ऑलिव्हर ली. राहायचा फ्रेंची, आणि नाव लीचं? कोण हा?

गडगा

गुरांचा मालक. त्याचं राहतं घर रोशाच्या जागेच्या जरा दक्षिणेला होतं, ते आता पार्कमध्ये नीट करून ठेवलंय. ली आणि रोशा सुरुवातीला चांगले शेजारी होते, दोघांनी मिळून घळीचं पाणी लीच्या जागेपर्यंत पाटाने नेलं.

त्या भागात पाणी म्हणजे सगळं. तिकडचा कायदा असा की ज्याने आधी पाणी वापरात आणलं त्याचा हक्क आधी. बारमाही झऱ्याच्या तोंडाशी बसलेल्या एकट्या माणसाकडे किती जणांचं लक्ष असेल याची कल्पना करा. गुरांचे मोठे कळप तेव्हा त्या खोऱ्यात येत होते आणि दुष्काळही पडत होते.

मारलं कोणी हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी कुणाचं नाव घेणार नाही. ली याच्यावर खटला झाला तो वेगळ्या प्रकरणात. १ फेब्रुवारी १८९६ ला वकील अल्बर्ट फाउंटन आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा हेन्री व्हाइट सँड्सजवळ बेपत्ता झाले, आजतागायत त्यांची प्रेतं मिळालेली नाहीत. तपास केला पॅट गॅरेटने, म्हणजे बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला मारणाऱ्या त्याच शेरीफने. १८९९ मध्ये हिल्सबरोला खटला चालला आणि ली निर्दोष सुटला. पुढे तो आमदारही झाला. फाउंटन प्रकरणावर त्या भागात अजून घरोघरी मतं आहेत. रोशावर तेवढी नाहीत. त्याच्या मागे रडायला बायको-मुलं नव्हती, पाठपुरावा करायला वकील नव्हता.

वाघोलीकर

गडगा, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. आत्महत्येच्या निकालाबद्दल एक सांगावंसं वाटतं, कारण इथल्या बाकीच्यांच्या ते लक्षात येणार नाही.

त्या काळी जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी मिळत नसे. पवित्र जमिनीत पुरणंही नाकारलं जायचं. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात ती बंदी निघाली. म्हणजे १८९४ मध्ये एखाद्या कॅथलिकाच्या नावापुढे 'आत्महत्या' लिहिणं म्हणजे नुसती फाइल बंद करणं नव्हे. त्याच्यासाठी म्हणायची प्रार्थनासुद्धा अडचणीत आणणं. ज्याच्या हातचा जिना चढून मुली वर्षानुवर्षं भजनं गात होत्या, त्याच्यावर हा शिक्का. खून करणाऱ्याने तर जीव घेतलाच असेल, पण निकाल देणाऱ्यांनी काय घेतलं ते आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

शंकासुर

हे खरंच माहीत नव्हतं. वाघोलीकर, तुमच्या पहिल्या प्रतिसादालाही आता वेगळ्या नजरेने वाचलं. जिना देवाने बांधला म्हणणाऱ्यांनी त्याचं नाव घालवलं आणि आत्महत्या म्हणणाऱ्यांनी त्याचं मरण. दोन्हीकडून लुटला माणूस.

पिंपळपार

अवांतर : आपल्याकडे तरी काय वेगळं? गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांत सुतार होता. नांगर, तिफण, बैलगाडीचं चाक, देवळाचा सभामंडप, सगळं त्याचं. नाशिक-वाईच्या वाड्यांतले कोरीव खांब बघायला आपण तिकीट काढतो, पण एकाही सुताराचं नाव सांगता येत नाही. वाडा सरदाराचा, खांब 'पेशवेकालीन'. रोशाचं निदान एका वर्तमानपत्राने लिहून ठेवलं.

रंधा

अवांतरालाच उत्तर. आमचे आजोबा खुणेसाठी तुळईच्या वरच्या, न दिसणाऱ्या बाजूला पटाशीने दोन तिरक्या रेघा मारायचे. घरमालकाला माहीत नसायचं. छप्पर उतरवलं की दुसऱ्या सुताराला कळायचं काम कुणाचं. सांता फेच्या जिन्याच्या पायऱ्यांखाली काही खूण असेल का, असं मला नेहमी वाटतं. खालची बाजू गिलाव्याने बंद केलेली आहे, म्हणून कुणी बघू शकत नाही.

@वाघोलीकर, तुमच्या वसईत चर्चमधल्या जुन्या लाकडी वेदी कुणी केल्या याच्या नोंदी असतात का?

वाघोलीकर

धर्मग्रामाच्या वह्यांत खर्च लिहिलेला असतो, 'सुतारास इतके' असा. नावं क्वचित. म्हणजे लोरेट्टोच्या सिस्टर्सनी 'मिस्टर रोशा' असं नाव लिहिलं, हे त्यांचे उपकारच. आमच्या घरचा जुना आल्तार, म्हणजे घरातला देव्हारा, सागाचा आहे. तो गावातल्याच एका सुताराने केलेला, त्याला सगळे 'बाबू सुतार' म्हणायचे, आडनाव कुणालाच सांगता येत नाही. परवा त्याचं दार निखळलं तेव्हा पाहिलं, बिजागरी नाहीच. लाकडाचाच खुंट वर-खाली भोकात फिरतो.

रंधा

त्याला चूळ म्हणतात. बदलू नका हो, कृपा करून! स्टीलची बिजागरी लावणारे मिस्त्री येतील, त्यांना हाकलून द्या. खुंटाला थोडं मेण लावा आणि दार परत बसवा.

वाघोलीकर

हाकलतो. :) मेण घरात भरपूर.

वाळवंटातली_वैजू

रानभूल, आम्ही पुढच्या हिवाळ्यात एल पासोमार्गे जायचं म्हणतोय. मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो संपूर्ण ट्रेल करेल का? आणि खोपटं बघायला वर चढावं लागतं का?

रानभूल

नाही हो, खोपटं खालीच आहे. पार्कच्या माहिती केंद्राजवळून ओढ्याकाठाने छोटी सपाट वाट जाते, पोरं-म्हातारे सगळे जातात. गडगेही तिथून दिसतात. लीचं घर आतून बघायचं असेल तर ठरलेल्या वेळी पार्कचेच लोक घेऊन जातात, आधी फोन करून विचारा.

वरच्या ट्रेलला मुलाला पहिल्या सपाटीपर्यंत न्या, तेवढ्यात त्याचं पोट भरेल आणि खोरं पूर्ण दिसतं. ऑक्टोबर ते मार्च उत्तम. उन्हाळ्यात चुकूनही नको, सावली नावालाही नाही. पाणी माणशी तीन लिटर तरी घ्या, झऱ्याचं पाणी तसंच पिऊ नका. पहाटे निघा, कड्याचं तोंड पश्चिमेला आहे त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत वाट सावलीत असते. आणि पायात बूट चांगल्या पकडीचे हवेत, उतरताना घसारा फार त्रास देतो. सांता फे आणि डॉग कॅन्यन एकाच दिवसात करायचा मोह आवरा, गाडीने चारेक तासांचं अंतर आहे.

गडगा

वैजू, जाऊन आलात की इथेच लिहा. आणि जमलं तर गडग्याच्या कोपऱ्याचा जवळून फोटो काढा. रानभूल यांच्या जुन्या फोनचा भरवसा नाही.